वाचकांचे प्रश्न : दुखापतीनंतर पुन्हा पळताना

दिवाळी सरून पहाटे गारवा आला की बडोद्याच्या कमाटीबागेत पळणाऱ्यांची गर्दी वाढते आणि आमच्याकडे पत्रांचीही. या वेळी नव्याने पळायला लागलेल्यांची पत्रे कमी, दुखापतीने थांबून पुन्हा सुरुवात करू पाहणाऱ्यांची जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे दोघांनी मिळून दिली आहेत : एक फिजिओथेरपिस्ट आणि एक पळण्याचे प्रशिक्षक.

प्रश्न : वय ३४, मकरपुऱ्याला कारखान्यात नोकरी. उजव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या धक्क्यांनी हाडाला पडलेली बारीक चीर) निघाले, आठ आठवडे पळणे बंद होते. आता डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुरू करा. हळूहळू म्हणजे नेमके किती? मधल्या काळात घरी सायकल मारत होतो, त्यामुळे दम शाबूत आहे. वडोदरा मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरला नाव घातले आहे, ती १२ आठवड्यांवर आली. (मांजलपूर)

उत्तर : तुमचा दम शाबूत आहे, याचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. सायकलने हृदय आणि फुप्फुसे तयार राहिली, हे चांगलेच झाले. पण या आठ आठवड्यांत नडगीच्या हाडाला पळण्याचा एकही धक्का बसलेला नाही. पहिल्याच दिवशी तुमची छाती पाच किलोमीटरला तयार असेल आणि हाड एकालाही नसेल. धाप लागत नाही म्हणून पुढे जात राहिले आणि पुन्हा जायबंदी झाले, असे फार जणांचे होते.

हाडाचा हिशेब असा आहे. पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट भार जमिनीकडून पायावर येतो. वजन ७० किलो असेल तर १४० ते २१०. मिनिटाला १६५ पावले धरली तर अर्ध्या तासात एकट्या उजव्या पायावर हा भार जवळजवळ अडीच हजार वेळा पडतो. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला थकलेला भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवे हाड भरते. पोखरण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत होते, भरायला मात्र तीनएक महिने लागतात. त्यामुळे भार वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड काही काळ आधीपेक्षा कच्चे असते. नेमके तेव्हाच माणसाला 'आता जमतंय' असे वाटते आणि तो अंतर दुप्पट करतो.

म्हणून सुरुवातीआधी हे तपासा. जिथे मोडले होते तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबले तर दुखता कामा नये. लागोपाठ तीन दिवस ३० ते ४० मिनिटे झपाझप चालून रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ठणका नको. उजव्या एकट्या पायाच्या चवड्यावर २० ते २५ वेळा वर-खाली होता आले पाहिजे, आणि त्याच पायावर जागच्या जागी दहा लंगडी उड्या न दुखता मारता आल्या पाहिजेत. यातले एक जरी अडले तर पळणे आठवडाभर पुढे ढकला आणि तेच पुन्हा तपासा.

आता 'हळूहळू'चा अर्थ. एक दिवसाआड, आठवड्यात तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून अंग गरम करा, मग एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. पळणे एकूण आठच मिनिटे झाले, पण त्यातही उजव्या पायाची साडेसहाशे पावले पडली. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे पळणे, दोन चालणे, सहा वेळा. तिसऱ्यात तीन पळणे, दोन चालणे, पाच वेळा. चौथ्यात चार पळणे, एक चालणे, पाच वेळा. पाचव्यात आठ पळणे, एक चालणे, तीन वेळा. सहाव्यात बारा-बारा मिनिटांचे दोन तुकडे, आणि सातव्यात सलग अर्धा तास. एक पायरी तीनही दिवस बिनतक्रार पार पडली तरच पुढची. वेग इतकाच, की शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. आधी वेळ वाढवायची, मग वेग, आणि चढ सगळ्यांत शेवटी. बडोद्यात चढ म्हणजे पूलच, तेव्हा सात आठवडे पूल टाळा. रस्त्याच्या एकाच कडेने रोज पळू नका. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो, आणि एक पाय सतत खालच्या बाजूला पडत राहतो.

हाडाच्या बाबतीत दुखण्याला सवलत नाही. स्नायू अवघडले तर चालेल, पण जुन्या जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ आली तर त्या क्षणी चालत घरी परता. पूर्ण दोन दिवस थांबा आणि एक पायरी खाली उतरून सुरू करा. पुन्हा तीच कळ आली तर डॉक्टरांकडे जा.

२१ किलोमीटर या वर्षी नको, हे आम्ही स्पष्टच सांगतो. सात आठवड्यांत तुम्ही अर्ध्या तासावर पोहोचाल, तेही एकही पायरी पुन्हा करावी लागली नाही तर. उरलेल्या पाचांत सात-आठ किलोमीटरपर्यंत जाता येईल. ५ किलोमीटरच्या गटात आनंदाने पळा. सगळे सुरळीत झाले तर १० किलोमीटर, मधे चालत. आणि मूळ दुखापत होण्याआधीच्या दीड महिन्यात काय बदलले होते ते लिहून काढा : अंतर, बूट, झोप, पाळीची ड्यूटी, जेवण. व्हिटॅमिन डी तपासले नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासून घ्या. कारखान्यात दिवस काढणाऱ्याच्या अंगाला ऊन लागतच नाही.

प्रश्न : वय २९. मागच्या वर्षी नडगी दुखू लागल्याने पळणे सोडले होते. जूनपासून पुन्हा सुरू केले, आठवड्यात चार दिवस पाच-पाच किलोमीटर. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा केला, उपवासही होते, सकाळचे पळणे मोडले नाही. तेव्हापासून दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, डावी जास्त. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. पळत राहू का? (रावपुरा)

उत्तर : आधी दुखते कुठे ते नीट पाहा, पळायचे की नाही ते त्यावर ठरेल. खुर्चीत बसून घोट्यापासून गुडघ्याकडे, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत न्या. चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल आणि पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ती हाडाच्या कडेवरची ओढ असण्याची शक्यता जास्त. पळणारे तिला शिन स्प्लिंट म्हणतात. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ जात असेल, पळता पळता वाढत असेल, रात्री अंथरुणात ठसठसत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर धरून चाला आणि पळणे आजच थांबवा. एक्स-रे निर्मळ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा निर्मळच येतो. शंका असेल तर एमआरआय लागतो.

गरब्याला आपण व्यायाम समजत नाही, तिथे फसतो. मिनिटाला शंभर पावले धरली तरी दोन तासांत बारा हजार होतात, आणि ती कडक जमिनीवर, अनवाणी, बरीचशी चवड्यावर. दोन ताळी, त्रण ताळी या टाळ्यांच्या चालीत पाय जमिनीलगत राहतो. दोढियुं आणि उड्यांच्या चालीत धक्का पळण्यासारखाच बसतो. नऊ रात्री हे आणि वर सकाळचे पाच किलोमीटर, म्हणजे हाडाला दुरुस्तीला वेळच मिळाला नाही.

त्यात उपवास. खर्च वाढला आणि भरती घटली की शरीर काटकसर करते, आणि हाडांची दुरुस्ती त्या काटकसरीत लवकर बसते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रथिने नाहीतच म्हणा. उपवास सोडा असे आम्ही म्हणणार नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण उपवासालाही दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा चालतो, तो पोटभर घ्या. पळणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन ५५ किलो असेल तर ६६ ते ८८ ग्रॅम. कॅल्शियम सुमारे हजार मिलिग्रॅम लागते, त्यातले तीनशे पाव लिटर दुधात मिळते. आणखी एक प्रश्न, संकोच न करता स्वतःला विचारा : पाळी वेळेवर येते का? लागोपाठ तीन महिने चुकली असेल तर हाडांच्या तक्रारीइतक्याच गांभीर्याने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. या दोन्हींचे मूळ अनेकदा एकच असते, ते म्हणजे कमी पडलेले खाणे.

दुखणे पट्ट्यातले निघाले तर दोन आठवडे पळणे निम्म्यावर आणा, एक दिवसाआड, मातीच्या वाटेवर. दुखणे दहापैकी तीनच्या वर जाऊ देऊ नका. पोटरीच्या आतला स्नायू बळकट करायला गुडघे किंचित वाकवून चवड्यांवर वर-खाली व्हा, १५ चे तीन फेर, एक दिवसाआड. पुढच्या वर्षी गरब्याची प्रत्येक रात्र पळण्याचा दिवस म्हणून मोजा. त्या नऊ दिवसांत सकाळी पळायचेच असेल तर दोनदाच, वीस-वीस मिनिटे.

प्रश्न : वय ५२. टाचेच्या वर चार बोटांवर शीर जाड झाली आहे, सकाळी पहिली पावले लंगडत पडतात. दोन महिने पूर्ण विश्रांती घेतली, दुखणे गेले. पळायला लागलो आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. आणखी विश्रांती घ्यावी का? मालिश चालेल का? (दांडियाबाजार)

उत्तर : आणखी विश्रांती नको. ही पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, अकिलिस टेंडन. विश्रांतीने तिचा दाह शांत होतो, पण भार पेलायची ताकद वाढत नाही. उलट दोन महिन्यांत ती घटते. म्हणून घरात बरे वाटले आणि रस्त्यावर येताच दुखले. हिला औषध भाराचेच, मात्र मोजून दिलेले.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम अजूनही उपयोगी आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा, कठड्याला हात. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घ्या आणि तीन-चार सेकंद लावून टाच पायरीच्या खाली उतरवा. वर येताना चांगला पाय वापरा. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन फेर, गुडघा वाकवून १५ चे तीन, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घाला, नंतर दहा. करताना थोडे दुखणारच. लोक दहाव्या दिवशी 'दुखतंय' म्हणून सोडतात किंवा चौथ्या आठवड्यात 'बरं वाटलं' म्हणून. दोन्ही चुका आहेत, कारण कंडरा महिन्यांच्या हिशेबाने सुधारते. दुखणे टाचेच्या हाडालगत, अगदी खाली असेल तर मात्र टाच पायरीखाली उतरवू नका. जमिनीवरच करा, नाहीतर कंडरा हाडावर दाबली जाऊन चिघळेल.

पळणे बंद करायची गरज नाही, आणि हाडाच्या दुखण्यापेक्षा इथला नियम वेगळा आहे तो इथेच. दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालेल. खरी मोजणी दुसऱ्या सकाळी. पलंगावरून उतरल्यावर किती पावले लंगडता, किती मिनिटांत पाय मोकळा होतो, हे रोज वहीत लिहा. नेहमी पाच मिनिटे लागत असतील आणि पळण्याच्या दुसऱ्या दिवशी पंधरा लागली, तर कालचे पळणे जास्त झाले. एक दिवसाआड, सपाटीवर, मंद. वेगाचे तुकडे आणि पूल तीन महिने नकोत. घरात अगदी सपाट चपलेऐवजी टाच थोडी उंच असलेली वापरा. पळण्याच्या बुटातही टाच चवड्यापेक्षा १० ते १२ मिलिमीटर उंच असेल तर कंडरेला आराम पडतो.

मालिश पोटरीला करा, बरे वाटेल. जाड झालेल्या कंडरेवर जोर लावून रगडू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स कंडरा कमजोर करून तोडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा सक्तीचा केला. साठी ओलांडलेल्यांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना धोका जास्त. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी दुकानातून परस्पर ही गोळी घेऊ नका, आणि डॉक्टर लिहून देत असतील तर कंडरेचे दुखणे आधी सांगा. पळताना मागून कुणी दांडका मारल्यासारखे वाटले, आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : पळायला जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का? (अलकापुरी, गोत्री)

उत्तर : नाही. वरच्या तिन्ही उत्तरांत दुखणे मोजायला सांगितले आहे, गोळीने ते मापच बंद पडते. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊन घाम गाळला आणि पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. गोळीशिवाय पळवत नसेल तर त्या दिवशी चाला.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. खो-खो खेळताना तीन आठवड्यांपूर्वी घोटा मुरगळला. सूज उतरली, तो परत मैदानावर जायचे म्हणतो. पाठवू का? (वाडी)

उत्तर : सूज उतरली म्हणजे घोटा तयार झाला असे नाही. मुरगळताना बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, आणि पाय कसा पडतो आहे याची मेंदूला मिळणारी खबरही मंदावते. तीच सुधारली नाही म्हणून घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना त्या एका पायावर ३० सेकंद उभे राहायला लावा, मग डोळे मिटून, मग घडी केलेल्या चादरीवर. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा. दोन्ही पायांचे भिंतीपासूनचे अंतर एक-दोन सेंटिमीटरच्या फरकात आले पाहिजे. लंगडीत दोन्ही पाय सारखे चालले की आधी सरळ पळणे, आठवड्याने नागमोडी, आणि खांबाला वळसा घालणे सगळ्यांत शेवटी, कारण घोटा तिथेच जातो. पुढचे सहा महिने ते वर्षभर खेळताना घोट्याला पट्टा असू द्या. घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबून अजून दुखत असेल, किंवा मुरगळल्यावर त्याला चार पावलेही टाकता आली नव्हती आणि एक्स-रे काढलाच नसेल, तर मैदानाआधी तो काढा.

प्रश्न : वय ६३. तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात बैठका मारल्या, पन्नाशीनंतर पळायला लागलो. उजवा गुडघा दुखू लागला, तपासणीत 'झीज' निघाली. घरचे म्हणतात, आता पळणे कायमचे बंद. चार महिने चालतोच आहे, दुखत नाही. पुन्हा पळू का? पावागढचा डोंगरही चालत चढायची इच्छा आहे. (फत्तेगंज)

उत्तर : गुडघा सुजत नसेल, मधेच अडकत नसेल, चालताना दगा देत नसेल, तर पळायला हरकत दिसत नाही. या तिन्हींपैकी काही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साठीनंतर तपासणीत झीज दिसणे हे केस पांढरे होण्याइतकेच सामान्य आहे, आणि फोटोतली झीज आणि दुखणे यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी पळणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ आणि स्पर्धांसाठी पळणाऱ्यांत १३.३ निघाले. गुडघे दुखणारे मुळात पळणे सोडून देतात, हेही त्या आकड्यांत धरायला हवे. पण हौसेने पळून गुडघे घासतात, या भीतीला त्यातून आधार मिळत नाही. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

पहिल्या उत्तरातला चालणे-पळण्याचा क्रम घ्या आणि प्रत्येक पायरीला एकाऐवजी दोन आठवडे द्या. पावले लहान, पण जास्त ठेवा. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून चारने गुणा. १५६ येत असतील तर १६४ पर्यंत न्या. पाचएक टक्क्यांनी पावले वाढली की गुडघ्यावरचा भार जाणवण्याइतका कमी होतो, कारण पाय फार पुढे न पडता शरीराखाली पडतो. वजनावर ताबा ठेवा.

आखाड्यातल्या बैठका तूर्त नकोत. त्यांत टाच उचलून गुडघा पूर्ण मिटतो आणि वाटीमागे दाब फार येतो. त्याऐवजी खुर्चीवरून हात न टेकता उठा, आणि बसताना चार सेकंद लावून बसा, दहाचे तीन फेर, एक दिवसाआड. महिन्याभराने खुर्चीऐवजी थोडे खालचे स्टूल घ्या. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचे पंधराचे दोन फेर जोडा. खुब्याची बाजू बळकट असली की गुडघा आत कलत नाही.

पावागढला जरूर जा, पण उतरणीचा विचार करून. चढताना लागतो तो दम, तो तुमच्याकडे आहे. गुडघा दुखतो उतरताना, कारण मांडीच्या स्नायूला लांबत लांबत दर पायरीला वजन धरावे लागते. आधी दोन महिने घरच्या जिन्यावर उतरण्याचा सराव करा : आठवड्यात दोनदा, दोन मजल्यांपासून सुरुवात करून सहापर्यंत. गडावर वर चालत जा, रोपवेने त्याच्या खालच्या थांब्यापर्यंत, माचीपर्यंत, या. त्या संध्याकाळी गुडघा सुजला नाही आणि दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर पुढच्या खेपेला थोड्या पायऱ्या काठी घेऊन चालत उतरून बघा. काठी डाव्या हातात धरा, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला.